खरी निकड आणि खोटी घाई

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँचचे वेळापत्रक माणसे तयार करतात; पण त्यावर अखेरचा शब्द समुद्राचा असतो. बंदरात गाळ साचलेला आहे. मोठ्या ओहोटीला पाणी उतरले, की लाँच धक्क्याला लागू शकत नाही. म्हणून ‘चला, चला, यानंतर आता लाँच नाही’ अशी हाक कानी पडताच प्रवासी धावत सुटतात, आणि त्यात त्यांची कोणी फसवणूक केलेली नसते. निकड खरी असते. तिचे कारण समोरच्या पाण्यात डोळ्यांना दिसत असते.

अशीच हाक आता आपल्या हातातील मोबाईलवर उमटते. ‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘ही किंमत आणखी नऊ मिनिटेच’, ‘या क्षणी सदतीस ग्राहक हीच वस्तू पाहत आहेत’. आकडे उलटे धावत शून्यावर येतात, आणि पुष्कळदा पान पुन्हा उघडताच तेच घड्याळ नव्याने चालू झालेले दिसते. येथे ओहोटी नाही, समुद्रही नाही. आहे ती कोणीतरी शब्दाशब्दाने रचलेली घाई. ग्राहकाचे मन वळवणे वेगळे आणि ते वाकवणे वेगळे. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावी, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

मन वळवणे हे मुळात पाप नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्फ्लुअन्स’ या ग्रंथात मन वळविण्याची सहा तत्त्वे मांडली: उपकाराची परतफेड, एकदा दिलेल्या शब्दाशी सातत्य, इतरांचे अनुकरण, आपुलकी, जाणत्याचा अधिकार आणि टंचाई. आज विक्रीचा मजकूर लिहिणारे हीच तत्त्वे घोटून घेतात. परंतु कोळीवाड्यातील मासळी विकणारी बाई ग्रंथ न वाचताही ती जाणते. ती ‘ताई’ म्हणून हाक मारते, दोन बोंबील वर टाकते, ‘शेवटचा वाटा राहिला’ असेही म्हणते. तरीही तिला आम्ही लबाड म्हणत नाही. का? कारण गिऱ्हाईक कल्ला उचलून पाहते, पाटीत डोकावते, शेजारच्या बाईला भाव विचारते. आणि उद्या ती बाई त्याच जागी बसलेली असते. तिच्या शब्दांना पडताळणीचे दार उघडे असते. मोबाईलच्या पडद्यावर हे दार बंद होते. ग्राहकाला पाटी दिसत नाही. विक्रेत्याला मात्र ग्राहक कोठे थबकला, कोठून माघारी फिरला, हे सारे दिसत असते.

आपल्या शासनानेही या प्रकाराची दखल घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. खोटी घाई ही त्यांतील पहिली. विमानाच्या तिकिटासोबत विमा न घेणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ असे बटण दाबावयास लावणे, म्हणजे नकार देणाऱ्याला लाजवणे, ही आणखी एक. ग्राहकाला न विचारता बिलात जादा रक्कम घालणे ही तिसरी. आणि ती रक्कम धर्मादाय कार्यासाठी असली, तरी तिला सूट नाही. आम्हांला हे विशेष मननीय वाटते. संमतीवाचून काढून घेतलेले दान हे दानच नव्हे.

यावर एक आक्षेप येतो. ग्राहक काही लहान मूल नाही. त्याच्यावर जबरदस्ती कोठे झाली? हा वाद जुना आहे. इ. स. पूर्व ४४ मध्ये रोमन विचारवंत सिसेरो याने एक उदाहरण चर्चेस घेतले. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी धान्याची गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने गिऱ्हाइकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? सांगावेच, असा सिसेरोचा कौल. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी हेच उदाहरण घेतले आणि व्यापाऱ्याला थोडी सवलत दिली: चालू भावाने विकल्यास न्यायाचा भंग होत नाही, पण सांगितले, तर त्यात अधिक सद्गुण आहे. मात्र ही सवलत मौनापुरतीच होती. खोटे घड्याळ लावणारा विक्रेता मौन पाळत नाही; एकही गलबत येणार नाही, असे तो ओरडून सांगतो. त्याच्यासाठी त्या सवलतीत जागा नाही.

पनवेल-उरण पट्ट्यात तर हा प्रश्न साबणाच्या वडीपुरता राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. भूखंड आणि सदनिका यांच्या जाहिराती मोबाईलवर येतात: ‘आज नोंदणी न केल्यास उद्या भाव वाढेल.’ येथे पणाला लागते ती आयुष्यभराची पुंजी. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला, तो ग्राहकाला प्रकल्पाची नोंद स्वतः पाहता यावी म्हणून. कल्ला उचलून पाहण्याची सोय कायद्याने केली, असेच म्हणा ना! पण पाहावयाला वेळ लागतो, घरच्यांशी बोलावयाला वेळ लागतो. आणि खोटी घाई नेमका तोच वेळ चोरते. सदसद्विवेकबुद्धी मनुष्याला दिलेली आहे. परंतु तिला बोलण्यास क्षणभर शांतता लागते. ती शांतता हिरावून घेणारा हातही न लावता जबरदस्ती करतो. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने १९९७ साली जाहिरातींच्या नीतीविषयी जे निवेदन काढले, त्यात सत्याबरोबर मानवी प्रतिष्ठेचे तत्त्व सांगितले आहे, ते याचसाठी. माणसाच्या दुर्बलतेवर नेम धरणारे तंत्र त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लावते.

मग कसोटी कोणती? आमच्या मते ती साधी आहे. आपण वापरलेली युक्ती ग्राहकाला उघड करून सांगावी, आणि त्यानंतरही ती टिकते का, ते पाहावे. ‘पाणी उतरत आहे, म्हणून घाई करा’ हे कारण सांगितल्याने निकड कमी होत नाही. ‘तुम्ही विचार करू नये म्हणून हे घड्याळ लावले आहे’ असे सांगताच घड्याळ निकामी होते. जे उघड झाल्यावरही उभे राहते, ते मन वळवणे. जे उघड होताच कोसळते, ते मन वाकवणे. ही कसोटी केवळ विक्रेत्यांसाठी नव्हे. मते मागणारा पुढारी, देणग्या मागणाऱ्या संस्था आणि आम्हां धर्मगुरूंचे प्रवचनपीठ, सर्वांनाच ती लागू आहे.

आज असा मजकूर लिहून पोट भरणारे तरुण-तरुणी आपल्या समाजातही आहेत. त्यांची नोकरी आम्ही हलकी मानीत नाही. चांगली वस्तू चांगल्या शब्दांत सांगणे ही सेवाच आहे. त्यांच्यापुढे आम्ही एवढेच ठेवतो: आपण लिहिलेली ओळ आपल्या आईच्या मोबाईलवर आली, तर तिच्याजवळ बसून ‘ही ओळ आम्ही अशी आणि यासाठी रचली’ असे सांगता येईल का? सांगता येत असेल, तर ती ओळ निःशंक लिहावी.