वळ कोणाच्या पाठीवर?

बिअर्डेड ड्रॅगन हा दाढीवाला ऑस्ट्रेलियन सरडा हल्ली आपल्याकडेही हौसेनं पाळला जातो. त्याचा जबडा रबरासारखा मऊ लागू लागला, पाय थरथरू लागले, चालताना पोट जमिनीवरून उचलेनासं झालं, की पुष्कळदा कारण एकच निघतं. शरीर स्वतःच्याच हाडांतलं कॅल्शियम काढून खात असतं. खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवं, ते बनायला ‘यूव्हीबी’ नावाचे अतिनील किरण हवेत, आणि हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे कोणी मायेनं त्याची पेटी काचेआडच्या उन्हात ठेवली, तर उजेड मिळतो, ऊब मिळते, हाडं मात्र ठिसूळ होत राहतात.

मारणारा, उपाशी ठेवणारा माणूस दोषी, यात वाद नाही. पण जो जीव लावतो आणि ज्याला समोरचं अंग वाचता येत नाही, त्याचं काय? ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर कुठवर चालावं? त्यात सरड्याची जात दुखणं लपवणारी. रानात दुबळा दिसला तो मेलाच. त्यामुळे मालकाला लक्षण दिसतं तोवर आजार जुना झालेला असतो.

हा प्रश्न मला बेल्ह्याच्या बैलबाजारात नेऊन पाहावासा वाटतो, कारण मुकं अंग वाचण्याचा धंदाच तिथं चालतो. जुन्नर तालुक्यातलं, नगर-कल्याण रस्त्यावरचं हे गाव सोमवारच्या बाजारासाठी ओळखलं जातं. बैलबाजारातला जाणता माणूस ओठ वर करून दात बघतो आणि आदत, दुसा, चौसा की जुळलेला हे सांगतो. नाकपुडी कोरडी आहे का, रवंथ चालू आहे का, वशिंडापुढं जू बसतं तिथं सूज आहे का, चालताना कोणता खूर हलका पडतो, हे सगळं तो बोलता बोलता टिपतो. हे ज्ञान पुस्तकातलं नव्हे, पिढ्यांचं आहे.

मात्र याच ज्ञानाचं पुढं काय होतं तेही बाजारातच दिसतं. विकणाऱ्याला लंगडणं कळतं, म्हणून तो ते झाकायला बघतो. घेणाऱ्याला कळतं, म्हणून तो भाव पाडतो. दोघांच्या बोलण्यात ती ‘खोड’ असते. दुखणं ती फक्त बैलापुरती. शिवाय ही नजर दर वेळी पुरतेच असंही नाही. लंपीची लागण झाल्यावर ताप आणि गाठी यायला दिवस जातात, तोवर जनावर धडधाकट दिसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यातले जनावरांचे बाजार बंद करावे लागले, ते काही जाणत्यांची वाण होती म्हणून नव्हे.

बेल्ह्याजवळच आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा इथं विसावला अशी श्रद्धा. आपण कौतुक करतो ते रेडा बोलला याचं. मला त्या कथेत नेहमी सांगितला जाणारा दुसरा भाग मोठा वाटतो. आसूड रेड्याच्या पाठीवर पडले आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. रेड्याला बोलायची गरजच उरली नव्हती. बेंथमनं १७८९ मध्ये प्राण्यांना दुःख होतं का हा प्रश्न महत्त्वाचा मानला, पण त्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी बाजार थांबत नाही. ते दुःख दुसऱ्या कोणाच्या अंगावर उमटतं का, यावर पुढचं ठरतं.

सरडा पाळणाऱ्या पुष्कळ जणांकडे हा वळ असतो, हे मान्य करायला हवं. दाढी काळी पडली की त्यांची झोप उडते, विष्ठेचा रंग बदलला की ते फोटो घेऊन डॉक्टर शोधत फिरतात. ‘सरड्यासाठी एवढं?’ म्हणून हसणारे मला पटत नाहीत. तरीही त्यांना एक गोष्ट सोडून देता येत नाही. शेतकऱ्याच्या पोराला बैल वारशानं मिळतो, सोबत बैल ओळखणारा आजाही मिळतो. सरड्याबरोबर कोणी येत नाही. गावच्या जनावरांच्या डॉक्टरचा हात गाई-म्हशी-शेळ्यांवर बसलेला. अशा वेळी, निवड करून आणलेल्या जिवाबद्दल ‘माहीत नव्हतं’ म्हणणं मला कच्चं वाटतं. ज्याच्या दारात जखमी प्राणी येऊन पडला, त्याच्या तोंडी तेच वाक्य खरं आहे. विकत घेणाऱ्यानं ते पैसे मोजण्याआधी म्हणायचं असतं, आणि मग कदाचित पैसे मोजायचेच नसतात.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असं आपण सहज म्हणून जातो. या सरड्याचं कुंपण आपणच आणलेलं आहे, आणि त्यातला सूर्यसुद्धा. पेटीवर लावायची यूव्हीबीची नळी काही महिन्यांत क्षीण होते. दिसायला ती तशीच लख्ख पेटलेली असते, कारण ते किरण आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून ती विझायची वाट न पाहता, तारीख लिहून ठेवून बदलावी लागते.