यादीत नाव नसलेले मूल

नवरात्रात आमच्या घरी कोलू मांडतात. कावेरीच्या पाण्यावर तीनशे वर्षांहून अधिक काळ पोसलेल्या मराठी घराण्यांनी या भूमीकडून जे जे आपलेसे केले, त्यांत ताटात सांबार आले, बोलण्यात तमिळ शब्द आले, तसाच हा कोलूही आला. विषम संख्येच्या पायऱ्यांवर पांढरे वस्त्र अंथरायचे, त्यांवर देवदेवता, दशावतार, मरप्पाची म्हणविले जाणारे लाकडी जोडपे अशा बाहुल्या ओळीने बसवायच्या, आणि संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्यांस हळदकुंकू व सुंडल द्यायचे. आमच्या कोलूच्या तळच्या पायरीवर तंजावरची राजा-राणी असते. या बाहुल्यांचे बूड गोल आणि जड असते. बोटाने कितीही ढकलले तरी त्या डुलतात आणि पुन्हा सरळ बसतात. तंजावरच्या या बाहुल्यांना २००८-०९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण आमच्या घरातली जोडी त्याहून पुष्कळ जुनी, सौभाग्यवतींच्या मातोश्रींकडून आलेली.

गेल्या नवरात्रात आम्हांकडे दूध घालणाऱ्या बाईंचा सात वर्षांचा नातू कोलूसमोर बराच वेळ उभा राहिला. सुंडलाचा द्रोण त्याच्या हातात तसाच होता. अखेर त्याने विचारले, "सार, हा राजा कुणाला द्यायचाय?" आम्ही म्हणालो, "द्यायचा नाही बाळ, नुसता पाहायचा." त्याने मान डोलावली आणि तो गेला. आमच्या उत्तरात खोटे काही नव्हते. कोलूतली बाहुली खेळावयास देत नाहीत, हा रिवाज सर्वांस ठाऊक आहे. तरी ते उत्तर आमच्या मनात रुतून राहिले. आणि ते तेथून हलले नाही याचे कारण, दोनअडीच महिन्यांनी आमच्या ओसरीवर पाहिलेला एक इटालियन चित्रपट.

मार्गळीचा महिना होता. दारोदारी मोठमोठे कोळम, शेतांत सांब्याचे पीक उभे, आणि रस्त्यावरच्या ख्रिस्ती घरांवर कागदी ताऱ्यांचे दिवे. या मुलुखात नाताळ काही नवा नाही. तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत त्सीगेनबाल्ग १७०६ साली उतरला. सरफोजीराजांना पित्याच्या जागी असलेला श्वार्ट्झ हाही मिशनरीच, आणि त्याच्या मृत्युशय्येपाशी उभे असलेले राजे फ्लॅक्समनने संगमरवरात कोरले ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. तेव्हा नाताळच्या सुट्टीत आमच्या भाच्याने शेजारची आठदहा मुले गोळा करून चित्रपट लावला, यात कुणालाच काही वावगे वाटले नाही. दूधवाल्या बाईंचा नातूही आला होता. चित्रपट इटालियन, खालच्या ओळी इंग्रजी. म्हणून तो तमिळमध्ये सांगण्याचे काम आम्हांवर पडले.

'ला फ्रेच्चा अझ्झुर्रा', म्हणजे निळा बाण, हा १९९६ सालचा व्यंगपटासारखा हाताने रेखाटलेल्या चित्रांचा चित्रपट. दिग्दर्शक एन्झो दालो, नेपल्सचे. चित्रपट घडला तो तुरीनच्या लान्तेर्ना माजिका या संस्थेत. मूळ कथा जान्नी रोदारी यांची, १९५४ साली प्रथम प्रसिद्ध झालेली आणि १९६४ साली नव्या रूपात आलेली. रोदारी हे एका पाववाल्याचे पुत्र. काही काळ शिक्षक, मग पत्रकार, आणि मुलांसाठी लिहिणाऱ्यांस मिळणारा अँडरसन पुरस्कार १९७० साली त्यांस लाभला. संगीत पाओलो कॉन्ते यांचे. खलपुरुषाचा आवाज दारिओ फो यांचा. सत्तेची आणि पैशाची टवाळी करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी येथे एका लोभी दुकानदाराच्या तोंडून बोलावे, आणि पुढच्याच वर्षी, १९९७ साली, त्यांस साहित्याचे नोबेल मिळावे, हा योग मौजेचा खरा.

कथा अशी. इटलीत ६ जानेवारीच्या आदल्या रात्री बेफाना नावाची म्हातारी झाडूवर बसून येते आणि मुलांस खेळणी देते, अशी समजूत आहे. यंदा ती आजारी पडते आणि कारभार तिच्या मदतनिसाच्या, स्काराफोनीच्या, हाती जातो. तो खेळणी मोल देतील त्यांनाच देऊ लागतो. काचेला नाक लावून निळ्या आगगाडीकडे पाहत राहणाऱ्या फ्रांचेस्को नावाच्या गरीब मुलाचे नाव यादीत नाही. तेव्हा खेळणीच उठतात. आगगाडी, तिचा स्टेशनमास्तर, अर्धी दाढी असलेला कप्तान, सेनापती, कठपुतळ्या अशी सर्व मंडळी रात्री दुकानातून निसटतात, आणि स्पिच्चोला नावाचे कापडी कुत्रे वास घेत घेत त्यांस त्या मुलाच्या शोधार्थ नेते.

मुले रंगून गेली. आम्ही मात्र, तोंडाने भाषांतर चालू असताना, मनात अस्वस्थ होत होतो. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून आहोत. यादी हा आमचा धर्म आहे. ज्याचे नाव यादीत आहे त्यास द्यावे, ज्याचे नाही त्यास नम्रपणे परत पाठवावे, हे आम्ही बारा वर्षे करीत आलो. यादी नसेल तर देणे हे देणाऱ्याच्या लहरीवर जाईल; आज ज्याचा चेहरा आवडला त्यास मिळेल, उद्या ज्याचा मामा ओळखीचा त्यास. वशिल्यावर इलाज म्हणूनच यादी जन्मास आली. खेळण्यांनी आपल्या मर्जीने घर निवडावे, हे पडद्यावर गोड दिसते. कचेरीत त्यालाच गैरव्यवहार म्हणतात.

पण या आक्षेपाने समाधान होईना. पुढे आम्ही मूळ पुस्तकाविषयी वाचले आणि गोष्ट अधिक अवघड झाली. रोदारींच्या पुस्तकात स्काराफोनीसारख्या खलपुरुषावर भार नाही. तेथे बेफानाच दुकानदारीण आहे, तीही जरा तोऱ्यातली. मागच्या खेळण्यांचे पैसे आले नाहीत, हे ती त्या मुलास ऐकवते. ती दुष्ट नाही. तिचेही हिशेब आहेत, तिलाही दुकान चालवायचे आहे. चित्रपटाने बेफानास मायाळू केले आणि सारी काळिमा मदतनिसाच्या अंगास फासली. बालकांच्या चित्रपटास हे सोयीचे असेल; पण येथे रोदारी आम्हांस अधिक खरे वाटतात. जगात मुलांची खेळणी हिरावणारे स्काराफोनी थोडे असतात. बहुधा कुणीच हिरावून घेत नाही. एक सभ्य माणूस एक खरी यादी वाचतो, आणि मूल काचेबाहेर राहते. आमच्या टेबलासमोरून नावातल्या एका अक्षराच्या फरकाने परत गेलेल्या एका वृद्धेचा चेहरा आम्हांस आजही आठवतो. नियमाने आम्ही निर्दोष होतो.

मग यादी टाकून द्यावी काय? या प्रश्नाशी झगडताना आम्हांस आमच्याच मुलुखातली छत्रे आठवली. भोसल्यांच्या कारकीर्दीत तंजावर राज्यात वाटसरूंसाठी जी अन्नछत्रे उभी राहिली, त्यांत ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र प्रसिद्ध आहे. सरफोजीराजांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात या छत्रांचे वर्णन आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत जो वाटसरू येईल त्यास अन्न, लेकरांस दूध, आजाऱ्यास औषध, अनाथ मुलांस आश्रय. राज्य हातचे जात असतानाही राजांना या छत्रांची काळजी होती. त्या काळचा पंगतिभेद तेथेही होता, तो झाकण्यात अर्थ नाही. पण दारात आलेल्यास तू कोण, तुझे नाव कोठे आहे, असे विचारून मग पान वाढण्याची रीत नव्हती.

आणि म्हणून छत्रांत हिशेब नव्हते असे कुणी समजू नये. सरस्वती महाल ग्रंथालयात तंजावर दरबाराच्या मोडी कागदांचे ढीग आहेत. कारकुनांनी दाणान्‌दाणा टिपला आहे. आमचे पूर्वज तेच काम करीत असावेत, असा आमचा घरगुती अभिमान आहे. फरक एवढाच की छत्रातला कारकून आधी वाढू देत असे आणि मग लिहीत असे. बेफाना आधी लिहिते आणि मग वाढते. लेखणी तीच, कागद तोच. किती तांदूळ लागले हे सांगणारी नोंद आणि कुणास तांदूळ मिळणार नाहीत हे ठरविणारी यादी यांना आम्ही कचेरीत एकाच कपाटात ठेवतो, म्हणून त्या एकच आहेत असा आमचा समज झाला होता.

यावर कुणी म्हणेल की तांदळाचे ठीक आहे, तो भुकेसाठीच असतो. कलेच्या वस्तूचे तसे नाही, तिच्यावर तिच्या कर्त्याचा हक्क असतो. हा मुद्दा हलका नाही. याच चित्रपटाची पुढची हकीकत पाहावी. अमेरिकेत त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली, तिचे नाव खेळण्यांनी नाताळ वाचविल्याचे. बेफाना जाऊन तेथे ग्रॅनी रोझ आली, स्काराफोनीचा मिस्टर ग्रिम झाला, आणि ६ जानेवारीच्या आदली रात्र सरकून नाताळच्या आदल्या रात्रीवर आली. म्हणजे ज्यास आम्ही सारे नाताळचा चित्रपट म्हणतो, तो मुळात नाताळचा नव्हेच. विकण्याच्या सोयीसाठी त्याची तिथी बदलली. विक्रीसाठी वळविलेल्या खेळण्यांची ही कथा स्वतःच विक्रीसाठी वळविली गेली, याचे दालो यांस काय वाटले असेल?

बदल वाईट म्हणावा तर आमच्या शेजारचेच एक उदाहरण आडवे येते. इटलीहूनच आलेला कॉन्स्टान्झो बेस्की हा जेझुइट पाद्री अठराव्या शतकात कोल्लिडमपलीकडच्या एलाकुरिचीस राहिला, वीरमामुनिवर या नावाने तमिळ झाला, आणि येशूचा पालक योसेफ याचे चरित्र त्याने 'तेंबावणी' या तमिळ महाकाव्यात गायिले. तेथे योसेफाचे नाव वळन्. नाव बदलले, वेष बदलला, भूमी तमिळ झाली. मग ग्रॅनी रोझ आम्हांस खटकते आणि वळन् का खटकत नाही? आम्हांस वाटते, बेस्की ज्यांना गोष्ट सांगत होता त्यांच्यात येऊन राहिला, त्यांची भाषा त्याने पंडितांना हेवा वाटेल इतकी शिकली. नाव बदलण्याआधी तो स्वतः बदलला होता. दुसऱ्या ठिकाणी मात्र बाजारास अनोळखी नाव नको होते. हे उत्तर पुरे आहे असा आमचा दावा नाही.

आणि कर्त्याच्या नावाचा एवढा आग्रह धरताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. पडद्यावर चित्रे हलविण्याची कला या मुलुखास दालोंनी शिकविली नाही. दिव्यापुढे कातड्याची रंगीत चित्रे नाचवून रामायण दाखविणारे तोल्पावैकूत्तुचे खेळिये तमिळनाडूत आजही आहेत. ते घरात मराठी बोलतात, नावापुढे राव लावतात, आणि तंजावरच्या मराठी राजांबरोबर आपण आलो असे सांगतात. एकटा माणूस राम, रावण, सीता आणि विदूषक या सर्वांचे आवाज काढतो. इटालियन चित्रपटाच्या अखेरीस नावांची लांबलचक मालिका सरकत जाते. या खेळाच्या अखेरीस दिवा मालवतात. आमच्या राजा-राणीच्या बुडाखालीही कुणाचे नाव नाही. मात्र त्या अनामिक कारागिराने माती मळताना ती कोणासाठी मळली, असे विचारले तर आमच्या पेटीसाठी असे उत्तर येईल, हे आमच्याने म्हणवत नाही.

कारण कोलू उतरल्यावर ती जोडी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून पेटीत जाते. त्या संध्याकाळी, पडद्यावर खेळणी दुकानाच्या बाहेर पडत असता, तो मुलगा पडद्याकडून मान वळवून आमच्या माजघरातल्या पेटीकडे पाहू लागला. मग हळूच सौभाग्यवतींना म्हणाला, "अम्मा, तुमचा राजापण रात्री बाहेर पडतो का?"

"पडत असेल," ती म्हणाली, "मी झोपलेली असते."

रात्री आम्ही विषय काढला. छत्रे, मोडी कागद, बेफाना, सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. "अहो, ती जोडी माझ्या आईची," ती म्हणाली. "राजा देऊन टाकला तर राणीने एकटीने बसायचं का पायरीवर? आणि तुम्ही काय द्यायला निघालात? तुमचं त्यात काय आहे?" खरेच होते. दुसऱ्याच्या आठवणी दान करून उदार होणे सोपे असते. देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा, करणाऱ्याचा हक्क आम्ही तोलीत बसलो होतो. सांभाळणाऱ्याचा हक्क आमच्या लक्षातही आला नव्हता.

शेवटी आम्ही कारकुनी तोडगा काढला. तंजावरला राजवाड्याजवळच्या दुकानातून नवी जोडी विकत आणली आणि त्या मुलास दिली. मोल देऊन प्रश्न मिटविला, म्हणजे आम्हीही स्काराफोनीच्याच दुकानी गेलो, हे आम्हांस कळत होते. मुलगा मात्र हरखला. जोडी छातीशी धरून तो बांधावरून पळत गेला, तो वळणापर्यंत दिसत होता.

पोंगल झाल्यावर एका सकाळी तो आजीबरोबर आला. हातात नव्या राजाचे नुसते बूड. वरचा कागदाच्या लगद्याचा भाग फुटून गेला होता आणि आतला वाळलेल्या मातीचा गोळा उघडा पडला होता. आजी रागावत होती; त्याचे लक्ष नव्हते. त्याने ते बूड आमच्या ओसरीवर ठेवले, बोटाने कलते केले आणि सोडले. ते डुलले आणि सरळ झाले.

"अम्मा, तुमच्या राजाच्या पोटातही अशीच माती आहे का?"

सौभाग्यवती काही न बोलता आत गेली. पेटीचे झाकण वाजले. वर्तमानपत्र सोडवून तिने आईचा राजा त्याच्या हातात दिला. त्याने तो कानाशी धरून हलविला, बुडावर नख वाजवून पाहिले, आणि मग आपल्या मातीच्या गोळ्याशेजारी जमिनीवर ठेवला. दुधाचे माप होऊन आजी उठली तेव्हा दोघेही डुलत होते. ती हाक मारीत होती, आणि आमच्या घरातून अजून कुणी राजा परत मागितला नव्हता.