यंत्रमानवाचे ‘नाही’

घरकामाच्या यंत्रमानवाचा साधा ज्ञानसंग्रह ‘कप–टेबलावर–आहे’ अशा त्रिपदी नोंदींचा असतो. दुधाची नोंदच नसेल, तर दूध नाही असे त्याला कळले म्हणायचे का? प्रोलॉग या संगणकभाषेच्या रीतीने जे सिद्ध होत नाही ते खोटे. ओडब्ल्यूएल या ज्ञान मांडण्याच्या भाषेच्या रीतीने ते केवळ अज्ञात. म्युनिकमध्ये घडलेल्या नोरॉब या यंत्रमानवांच्या ज्ञानप्रणालीत दोन्ही नांदतात, हे गमतीचेच. ‘नाही’ कसे कळते, हा प्रश्न भारतीय दर्शनांतही आहे. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानले. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, मात्र अभावही प्रत्यक्षानेच कळतो. पण अट दोघांचीही कडक: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, म्हणून तो नाही असे ठरत नाही. फ्रिजचे दार बंद असताना यंत्रमानवाने दिलेले ‘नाही’ त्यामुळे दोन्ही पक्षांना अमान्य. कॅमेऱ्याने कुठे, केव्हा पाहिले याची नोंद असेल, तरच ते ‘नाही’ विचारात घेता येते.