न मागता मिळणारे पाणी

पाणी मागणे आणि पाणी देणे ही माणसामाणसांतील फार जुनी देवघेव आहे. दारी आलेल्याला आधी पाणी द्यावे, मग येण्याचे कारण विचारावे, अशी आपल्याकडची रीत. उन्हातून आलेल्याला नुसते पाणी देऊ नये, सोबत गुळाचा खडा द्यावा, हेही त्या रीतीतलेच. घर कसे आहे ते पाहुण्याला त्या एका तांब्यावरून कळत असे.

आता काही घरांतील फ्रिजच्या दारालाच एक खोबण असते. तीत पेला धरून मागची पट्टी दाबली की गार पाणी येते. बर्फ हवा असेल तर बर्फाचे खडे खडखडत पेल्यात पडतात. दार उघडायला नको, माठात ओगराळे बुडवायला नको. आणि मुख्य म्हणजे, 'जरा पाणी देता का?' असे कोणाला म्हणायला नको. ही एक सोय आहे, असे म्हणून विषय संपवता येईल. परंतु पाणी न मागता मिळू लागले म्हणजे माणसामाणसांतील काही तुटते, की काही सुटते, हा प्रश्न मला साधा वाटत नाही.

पहिल्याने मनात येते ते तुटण्याचेच. कोणी म्हणेल, आईच्या हातच्या माठातल्या पाण्याची गोडी या पट्टीला कोठून येणार? म्हणणे खोटे नाही. मात्र ती गोडी वर्णन करणारे बहुधा पाणी पिणारे असतात, आणणारे नसतात. ओसरीवरून 'पाणी!' अशी हाक आली, की स्वयंपाकघरात कणकेने माखलेले हात धुऊन कोणीतरी उठत असे. ती उठणारी बाई दिवसाकाठी किती वेळा उठली, हे कोणी मोजले नाही. हाकेला उत्तर देण्याचे तिचे काम या खोबणीने कमी केले असेल, तर तिने एक पुण्याचे काम केले असे मी म्हणेन.

याहून खोल गोष्ट निराळी आहे. जो पाणी देतो, तो न देऊही शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शाळेतील दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. शाळेत नळ होता, पण त्याला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडावी, मग त्यांनी प्यावे. शिपाई जागेवर नसला की तहान तशीच राही. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ते आपल्या अनुयायांसह गेले आणि तेथील पाणी प्याले. त्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयाने मान्य करायला १९३७ साल उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! आम्ही मास्तर मंडळी मुलांना दान कसे करावे ते शिकवतो. वरून ओतलेले पाणी खाली ओंजळ धरून पिणाऱ्याला काय वाटते, याचा धडा पुस्तकात क्वचितच असतो. पट्टी मात्र जात विचारत नाही. तिच्यापुढे कोणाला आर्जव करावे लागत नाही. मागणे संपले, ही या यंत्राची खरी थोरवी आहे.

बर्फाचेही तसेच. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज बर्फ घेऊन कलकत्त्यास आले. निघताना सुमारे १८० टन असलेल्या बर्फापैकी १०० टनांच्या आसपास पोचला. लवकरच मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत त्या बर्फाचा थाट केला, तेव्हा यजमान आणि पाहुणे सर्दीने बेजार झाले, अशी गोष्ट मुंबईच्या जुन्या इतिहासात सांगतात. जो गारवा तेव्हा धनिकांना शिंका देऊन गेला, तो आज शाळकरी पोर बोटाने दाबून घेते. याचा आनंद मानायला हरकत नाही.

पण येथेच थांबू नये. त्या पट्टीच्या मागे जाऊन पाहावे. नळाला जोडलेल्या फ्रिजमध्ये पट्टी दाबताच विजेची एक झडप उघडते, आणि गाळणीतून आलेले, आत गार होऊन राहिलेले पाणी पेल्यात उतरते. बर्फ साठवणीच्या भांड्यातून मळसूत्रासारख्या दांड्याने पुढे ढकलला जातो. ती गाळणी साधारणपणे सहा महिन्यांनी बदलावी लागते. खोबणीतल्या ताटलीला बहुधा निचऱ्याची नळी नसते. तीत सांडलेले थेंब कोणीतरी पुसावे लागतात. शिवाय आपल्याकडच्या कित्येक फ्रिजना नळ जोडलेलाच नसतो. दाराच्या आतल्या अंगाला एक लहानशी टाकी असते, आणि ती हाताने भरावी लागते.

म्हणजे देणारा हात गेलेला नाही; तो फक्त दाराआड गेला आहे. पूर्वी तांब्या पुढे करणारी व्यक्ती दिसत तरी होती. आता पाणी आपोआप येते असा भास होतो, आणि न दिसणाऱ्याचे उपकार विसरणे फार सोपे असते. बर्फाचे शेवटचे खडे काढून घेऊन रिकामा साचा हळूच परत आत सरकवणारा एक महाभाग बहुतेक घरांत असतो. तो काही दुष्ट नसतो. साचे आपोआप भरतात अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, एवढेच!

आणि पट्टीला फक्त दाबणारा कळतो, तहानलेला कळत नाही. एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गाढवाने पाणी मागितले नव्हते. ते मागूच शकत नव्हते. आपल्या घरातही असे न मागणारे असतात. हात न पोचणारे मूल असते, अंथरुणावरून न उठणारी आजी असते, चार जिने चढून सामान आणणारा पोरगा असतो. धुणेभांडी करणाऱ्या बाई असतात. त्यांच्यासाठी काही घरांत अजून निराळा पेला ठेवलेला असतो. यंत्राने जात विचारायचे सोडले, तरी घराने सोडले असे होत नाही. ही पट्टी दाबण्याची मोकळीक घरात कोणाकोणाला आहे, आणि टाकी भरण्याचे काम कोणाकोणाला आहे, या दोन याद्या शेजारी शेजारी मांडाव्यात. त्या जितक्या जुळतील तितके ते घर चांगले, असे मला वाटते.

दिवाळीत घरोघर माणसे येतील, फराळाची ताटे फिरतील, आणि चकलीच्या तिखटाने पाणी पाणी होईल. ज्यांना पट्टी दाबता येईल त्यांनी ती खुशाल दाबावी. कोणाला विचारू नये. फक्त आपला पेला भरून झाल्यावर टाकीत किती पाणी उरले आहे ते पाहावे, आणि दाराशी कोण उभे आहे तेही पाहावे.