वाळूवरचा मुक्काम

काशीत गंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या वळणामुळे दोन तीरांना दोन भिन्न स्वभाव लाभले आहेत. पश्चिम तीर उंच, दगडी पायऱ्यांनी बांधलेला. पूर्व तीर सखल, वाळूचा, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा. घाटांची अर्धचंद्राकृती रांग एका नजरेत मावावी, तर या रिकाम्या तीरावरच उभे राहावे लागते.

२०२३ च्या जानेवारीत या वाळूवर प्रवाशांसाठी तंबूंचे नगर उभे राहिले. पाहुण्याने तेथे उतरावे, पहाटे समोरचे घाट पाहावेत आणि पावसाळ्यापूर्वी तंबू उचलले जावेत, अशी ती योजना. नदीपात्रात असा मुक्काम असावा का, हा वाद राष्ट्रीय हरित लवादापुढेही गेला. कायद्याचा निवाडा कायद्याने करावा. त्याच्यामागे उरणारा नीतीचा प्रश्न मात्र आपल्या प्रत्येकाचा आहे. जे आपण मागे ठेवणार नाही, त्याची जबाबदारीही आपल्यावर नसते काय?

तात्पुरतेपणा निर्दोष असतो, असे आपण सहज मानतो. खुंटी उपटली की खळगा वाळूने भरून येतो. मग हानी कोणाची? परंतु पाहुण्याची एक रात्र असते आणि तीराचा सारा हंगाम. पाहुणे बदलतात, मुक्काम बदलत नाही. याच प्रवाहात १९८९ मध्ये कासवांसाठी अभयारण्य घोषित झाले होते. २०२० मध्ये ते रद्द झाले. वाळूत अंडी घालणाऱ्या जिवाला आपला तंबू तात्पुरता आहे, हे कोण समजावणार?

मग दगडी बांधकाम करणारे अधिक नीतिमान म्हणावेत काय? महेश्वरी राहून काशीचे विश्वनाथमंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे स्मरण मराठी मनाला सुखावते, आणि ते योग्यच आहे. पण बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला घाट स्वतःच्याच भाराने खचला, हेही विसरता येत नाही. पुण्यबुद्धीलाही तीराची ताकद विचारावी लागते.

आनंद घेण्यात दोष आहे, असेही नव्हे. होडीने पैलतीरी जावे, स्नान करावे, भांग घोटावी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर बाटी भाजावी आणि संध्याकाळी परतावे, ही बनारसी माणसाची जुनी रीत; तिला तो ‘बहरी अलंग’ म्हणतो. त्याची मौजही त्याच वाळूवरची. मात्र त्याला दुसऱ्या दिवशी समोरच्याच पायरीवर उभे राहायचे असते. आदल्या दिवशी टाकलेले उष्टेखरकटे त्याच्या डोळ्यांसमोरच पडून राहणार. हा धाक दूरदेशीच्या पाहुण्याला नसतो. म्हणून तो त्याने स्वतःच आपल्या मनात वागवला पाहिजे.

काशीत सूर्य उगवतो तो या रिकाम्या वाळूवरून. घाटावर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून अर्घ्य देणारा माणूस पूर्वेकडेच तोंड करून असतो. तंबूतला पाहुणा ज्याला दृश्य म्हणून पाहतो, तोही त्याच क्षणी पाहुण्याच्या दिशेनेच पाहत असतो; आणि सूर्य व त्याची ओंजळ यांच्यामध्ये आपला तंबू उभा असतो. मुक्काम करण्यापूर्वी एकदा त्या पायरीवर उतरून, त्याच्या जागेवरून आपल्याकडे पाहावे. तेथून आपण दिसावे की न दिसावे, याचे उत्तर ज्याने त्याने द्यायचे आहे.