सोडलेले आवरता येते काय?

गेल्या खंडेनवमीस पुण्यात कसबा पेठेत आमचे कीर्तन झाले. आरती झाल्यावर एका माळकरी गृहस्थांनी विचारले, "महाराज, घरी वडिलांपासूनची परवान्याची बंदूक आहे. आज तिची पूजा केली. पण गळ्यात माळ अन् घरात बंदूक, हे जमायचं कसं?"

मंडळीत लगेच दोन तट पडले. एक म्हणे, "सरकारनं सगळ्यांच्याच काढून घ्याव्यात." दुसरा म्हणे, "वा! गुंडाजवळ गावठी कट्टा, अन् सज्जनानं हात जोडून बसायचं?" दोघांचेही म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हे.

आम्ही त्यांस सौप्तिक पर्वातील कथा सांगितली. अश्वत्थाम्याने ब्रह्मशिर अस्त्र सोडले. त्याच्या निवारणार्थ अर्जुनानेही सोडले. व्यास-नारद मध्ये उभे राहिले, तेव्हा अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्यास सोडणे ठाऊक, आवरणे ठाऊक नाही! त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर गेले. बरे, ते त्याला दिले कोणी? द्रोणाचार्यांनी. मुलगा चंचल आहे हे जाणूनही, त्याच्या हट्टापायी.

म्हणून देणाऱ्याने पात्रता पाहावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे मर्म हेच आहे. पुणे शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. आणि वरातीत हौसेने गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घालील त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण घेणाऱ्याचा राग, मद्य आणि मिरवण्याची हौस रोज कोण तपासणार? ते ज्याचे त्यानेच पाहिले पाहिजे.

कारण अर्जुनाचे अस्त्र तरी मागे आले. गोळी येत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पहाटफेरीस निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, गोळ्या घातल्या. २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांस जन्मठेप दिली. गेलेला माणूस परत आला काय? त्यांचे आमचे मत जुळो न जुळो. मताला उत्तर मताने द्यावे. वाळवंटात वाद करावा, पण शेवटी एकमेकांच्या पाया पडावे, ही आपली रीत.

तेव्हा गोळीचे आवरणे ती सुटण्यापूर्वीच करायचे असते. बंदूक कुलुपात, काडतुसे निराळी, राग आला असता तिकडे पाहूही नये. गरज सरली असेल तर रीतसर जमा करावी. शस्त्र ही ठेव आहे, दागिना नव्हे.

गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "महाराज, किल्ली देवघरात खुंटीला असते. धाकट्याला ठाऊक आहे."

आम्ही म्हणालो, "मग बाबा, आजची पूजा अजून पुरी झाली नाही. आधी घरी जा, किल्ली हलवा. प्रसाद आम्ही ठेवून देतो."

रामकृष्णहरि.