बघवत नाही, हा दोष नव्हे



'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर गाजली. काहींना मात्र तिच्यातला रक्तपात सोसवला नाही. "अहो, ते खोटं रक्त!" असे त्यांना ऐकवले जाते. रक्त खोटे असेल. पण पाहणारे मन तर खरे असते ना?

पहिल्या पर्वात नेड स्टार्क या सज्जन सरदाराचा शिरच्छेद होतो. तेव्हा गर्दीतला एक माणूस त्याच्या धाकट्या मुलीचे तोंड वळवून धरतो. तिचा चेहरा पाहून आपला जीव गलबलतो. पुढे २०१४ च्या चौथ्या पर्वात एका वीराची कवटी हातांनी फोडली जाते आणि ते जवळून दाखवले जाते. पहिल्या वेळी आपण दुःखिताच्या शेजारी उभे असतो. दुसऱ्या वेळी नुसते बघे होतो.

संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स'मध्ये आपला मित्र अलिपियस याची हकिगत सांगितली आहे. सोबत्यांनी त्याला रोममधील ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहायला बळेच नेले. तो डोळे मिटून बसला. गर्दीची आरोळी उठली, त्याने डोळे उघडले आणि त्याला रक्ताची चटक लागली.

हिंसा दाखवूच नये, असे आम्ही म्हणत नाही. युद्ध गोड करून सांगणे हाही खोटेपणाच. पण दृश्य संपल्यावर आपल्या मनात काय उरते? मेलेला माणूस, की त्याला मारण्याची रीत?

म्हणून घरातले कोणी मध्येच उठून गेले तर त्याला हसू नये. आपण बसून का राहिलो, हे आधी स्वतःला विचारावे.